पाळणाघर दुपारी बघावं

पाळणाघर बघायला सकाळी अकराला जाऊ नका. त्या वेळी मुलं ताजीतवानी असतात, बडबडगीतं चालू असतात, मालकीणबाई हसून पुढे येतात आणि फरशी नुकतीच पुसलेली असते. जायचं ते दुपारी दोन-अडीचला, न कळवता. जेवणं उरकलेली, निम्मी मुलं पेंगुळलेली, एखादं किरकिरतंय, कुणाचं डायपर बदलायचं राहिलंय, एक मावशी जेवायला बसलीय आणि मालकीणबाई घरी गेल्यात. खरं पाळणाघर या तासाला दिसतं. दुसरी वेळ संध्याकाळी साडेसहानंतरची. हिंजवडीहून निघालेले आईबाप वाकडच्या गर्दीत अडकलेले असतात आणि तान्ह्यापासून चौथीपर्यंतची सगळी मुलं एका खोलीत, एकाच मावशीच्या भरवशावर असतात.

आमची मुलगी दीड वर्षाची असताना पुण्यातल्या ज्या पाळणाघरात जायची, ते दिसायला देखणं होतं. भिंतींवर हत्ती-जिराफ, मऊ गाद्या आणि मोबाइलवर दिवसभर दिसणारा कॅमेरा. कॅमेरा फक्त खेळायच्या खोलीत होता. झोपायच्या खोलीत नव्हता. रोज संध्याकाळी निरोप यायचा, ‘आज तीन तास छान झोपली.’ घरी आली की मात्र मलूल असायची, घास तोंडात धरून बसायची आणि रात्री एक-एक वाजेपर्यंत टक्क जागी. आमच्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘कुठलं औषध चालू आहे?’ काहीच चालू नव्हतं.

त्याच आठवड्यात मी ऑफिसमधून लवकर निघून दुपारी थेट पाळणाघरात गेले. झोपायच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर खोकल्याच्या औषधाची बाटली होती, शेजारी चिकट झालेला चमचा. बाटलीवर कुठल्याच मुलाचं नाव नव्हतं. मावशींना विचारलं, तर त्यांनी काही लपवलंही नाही. ‘सर्दी असते ना ताई सगळ्यांनाच. थोडं थोडं देतो. निवांत झोपतात.’

सर्दी-खोकल्याच्या पुष्कळ औषधांत क्लोरफेनिरामाइन असतं आणि ते गुंगी आणतं. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांच्या मिश्रणावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ अशी सूचना छापा, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना बजावलं. मावशींना ते कोण सांगणार? त्या खोलीत चौदा मुलं होती. जोडीची मावशी काम सोडून गेली होती आणि तिच्या जागी कुणी आलं नव्हतं. एका बाईने चौदा मुलं तीन तास शांत ठेवायची, तर मार तरी द्यावा लागतो, नाही तर औषध. आम्ही लेखी तक्रार केली, बाकीच्या पालकांना सांगितलं, पोलीस चौकीतही अर्ज दिला. मालकीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी ‘त्या मावशीला काढलं’ असं कळवलं. दोन मावश्या घेतल्या, असं काही कळवलं नाही. आम्ही मुलीला तिथून काढलं.

तेव्हापासून कुणी मला पाळणाघराबद्दल विचारलं की मी आधी मावश्यांबद्दल विचारायला सांगते. दुपारी दोनला किती जणी असतात? एक रजेवर गेली तर कोण येतं? सर्वांत जुनी मावशी किती वर्षं आहे? पगार किती, हेसुद्धा विचारा. आपल्याकडे हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण फी भरमसाट आणि मावश्या दर तीन महिन्यांनी नव्या, असं असेल तर तिथे मूल ठेवू नये. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली असेल तर कागद बघायला मागा. घरगुती पाळणाघर असेल तर त्या घरात दिवसा आणखी कोण असतं, दीर, भाडेकरू, मोठा मुलगा, हेही स्पष्ट विचारा. चांगल्या बाईला या प्रश्नाचा राग येत नाही.

भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या गुमास्त्याने भुलू नका. तो दुकाने व आस्थापना कायद्याखालचा कागद आहे. केशकर्तनालयालाही तोच लागतो. २०१७ च्या कायद्यानुसार मोजकीच माणसं कामाला असतील तर नोंदणीही लागत नाही, नुसतं कळवलं तरी भागतं. मुलं कशी सांभाळली जातात याच्याशी त्या कागदाचा काही संबंध नाही.

कॅमेऱ्याचंही तसंच. खारघरच्या एका पाळणाघरात नोव्हेंबर २०१६ मध्ये दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली, तिथे कॅमेरा होता. त्यातलं चित्रण पाहिलं गेलं ते बाळाच्या अंगावरच्या जखमा दिसल्यानंतर. पुरावा म्हणून कॅमेरा हवाच, पण कामाच्या धबडग्यात आपण दिवसभर तो बघत बसत नाही. त्यापेक्षा पालकांना कुठल्याही वेळी थेट आतल्या खोलीपर्यंत येऊ देतात का, हे बघा. ‘मुलं बिचकतात’ म्हणून दारातच थोपवणाऱ्या ठिकाणाहून तसंच मागे फिरावं.

आत गेल्यावर न्हाणीघरात डोकावा. भरलेली बादली असेल तर मला बाकी काही बघायचं नसतं. रांगत्या मुलाला बुडायला वीतभर पाणीही लागत नाही. गॅलरीला जाळी, गॅसच्या खोलीला दार, डब्यात अख्खे शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं आली तर काय करतात, हे त्यानंतर.

मूल सोडताना रडतं, त्यावरून फारसं काही ठरत नाही. पहिले काही आठवडे बहुतेक सगळीच रडतात. एका ठरावीक माणसाला बघून अंग आखडणं, झोप एकाएकी बदलणं, आंघोळीच्या वेळी एकाच जागी पुन्हा पुन्हा दिसणारे वळ, हे मनावर घ्या. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, ‘आधी मालकीणबाईंशी बोलून बघू’ असं करू नये. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर पाठ असू द्या.

आणि ऑफिसात विचारा. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, ही तरतूद मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये आली. माझ्या ऑफिसात आम्ही चार-पाच जणींनी मिळून विचारेपर्यंत एचआरने हा विषय कधी काढला नव्हता. अजून तिथे पाळणाघर झालेलं नाही, फीचा काही भाग तेवढा मिळतो.

आता मुलगी जाते ते पाळणाघर एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर आहे. भिंतीवर हत्ती नाहीत. दोन मावश्या पहिल्यापासून आहेत, तिसरी गेल्या वर्षी घेतली. पहिल्या भेटीत ते चालवणाऱ्या काकूंनीच आम्हाला दामटून प्रश्न विचारले: न्यायला कोण कोण येणार, त्यांचे फोटो द्या, ताप असेल तर आणू नका, औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, वेळ आणि तुमची सही. आणि सातनंतर मूल ठेवणार नाही, ‘माझ्या बायकांनाही घरं आहेत’. त्यामुळे नवरा आता आठवड्यातून तीन दिवस साडेपाचलाच ऑफिस सोडतो, दोन दिवस मी. जूनमध्ये काकूंनी मावश्यांचे पगार वाढवले आणि आमची फीही.