बँकेने काढलेला विमा पुरेल का?

प्रश्न : पुण्यात सिंहगड रस्त्यावर भाड्याच्या गाळ्यात माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे, गोदाम जरा लांब, एका तळघरात. कॅश क्रेडिट देताना बँकेने 20 लाखांचा विमा काढला. हप्ता दरवर्षी खात्यातून परस्पर वळता होतो, पॉलिसी मी पाहिलेली नाही. माल साधारण 40 लाखांचा असतो. जुलै 2024 मध्ये इथल्या एकतानगरीत पुराचं पाणी शिरलं तेव्हापासून धास्ती आहे. पूर आलाच तर 20 लाखांपर्यंतची भरपाई तरी पूर्ण मिळेल ना?
– एक व्यापारी

उत्तर : नाही. बँकेने विमा काढला तो आपलं कर्ज बुडू नये म्हणून. 40 लाखांच्या मालावर 20 लाखांचा विमा, म्हणजे निम्मी जोखीम तुम्ही स्वतःवर घेतलीत, असं कंपनी धरते. 8 लाखांचा माल भिजला तर हाती येतील जेमतेम 4 लाख. व्यापारी ज्याच्या नावाने बोटं मोडतात तो ‘अ‍ॅव्हरेज क्लॉज’ हाच.

एका ठिकाणची मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते. आग आणि पूर दोन्ही तिच्यात येतात. विमा 15 टक्क्यांपर्यंत कमी पडला तर कपात होत नाही. तुमचा मात्र 50 टक्के कमी आहे. इमारतीचा विमा घरमालकाने काढायचा. तुम्ही माल आणि फर्निचरचा काढा. घरफोडीसाठी वेगळी पॉलिसी लागते.

आधी बँकेकडून पॉलिसीची प्रत मागा आणि गोदामाचा पत्ता तिच्यात आहे का ते पाहा. नसेल, तर तिथल्या मालाचा क्लेम अडलाच म्हणून समजा. आणखी एक, जरा नाजूक गोष्ट. उचल वाढावी म्हणून काही जण बँकेला दिलेल्या स्टेटमेंटमध्ये स्टॉक फुगवून दाखवतात. क्लेमच्या वेळी विमा कंपनीचा सर्व्हेअर तेच स्टेटमेंट जीएसटीच्या विवरणांशी ताडून पाहतो, आणि फुगवलेला आकडा तुमच्यावरच उलटतो.

क्लेम अन्यायाने नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. एकल मालकीच्या दुकानांना आणि सूक्ष्म उद्योगांना ही सोय आहे. लोकपालांचं पुण्यातलं कार्यालय नारायण पेठेत असून तक्रारीला शुल्क नाही.