पहिली दोनशेची बीआरएम : बारा आठवड्यांची तयारी

रविवारी पहाटे चाळीस-पन्नास किलोमीटर सायकल मारून येणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात कधीतरी बीआरएमचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईडचा, विचार डोकावतो आणि दोनशे किलोमीटर हा आकडा ऐकूनच मावळतो. तो मावळू नये, असं मला मनापासून वाटतं. चाळीस किलोमीटर आरामात जमणारा निरोगी माणूस बारा आठवड्यांत दोनशेपर्यंत पोहोचू शकतो. त्यासाठी फार वेगवान व्हावं लागत नाही. दिवसभर सायकलवर असताना वेळेवर खाणं, पिणं आणि थांबलेल्या जागेवरून वेळेवर उठणं मात्र शिकावं लागतं. चाळिशी ओलांडली असेल किंवा रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मगच पुढचं वाचा.

आधी नियम समजून घ्या

बीआरएम ही शर्यत नाही. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेलं अंतर मुदतीत पूर्ण करायचं, एवढंच. १९०४ साली स्थापन झालेल्या फ्रान्सच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियनच्या नियमांनुसार या राईड जगभर होतात. भारतात ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स ही संस्था स्थानिक क्लबांच्या मदतीने त्या घेते. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास. वाटेत ठरावीक कंट्रोल पॉइंट असतात आणि त्यांनाही वेळेची मुदत असते. शंभराव्या किलोमीटरवर कंट्रोल असेल, तर तिथे ६ तास ४० मिनिटांत पोहोचावं लागतं. सोबत मदतीची गाडी ठेवता येत नाही. बाहेरची मदत घ्यायचीच तर ती फक्त कंट्रोलवर. पंक्चर स्वतः काढायचं, रस्ता स्वतः शोधायचा.

आता हिशोब मांडा. ताशी २० च्या सरासरीने चालवलं, तर दोनशेला १० तास लागतात आणि थांबायला साडेतीन तास उरतात. ताशी १८ ने साधारण ११ तास लागतात, हातात जवळजवळ अडीच तास राहतात. म्हणजे मध्यम वेगाचा सायकलस्वारही वेळेत पोहोचतो. अडचण होते ती थांब्यांवर. चहाची दहा मिनिटं पंचवीस होतात, जेवणाचा पाऊण तास सव्वा तासावर जातो आणि संध्याकाळी घड्याळाशी झुंजावं लागतं.

बारा आठवड्यांचं वेळापत्रक

आठवड्यातून तीन राईड पुरतात. मधल्या दिवसांत दोन छोट्या, तास-दीड तासाच्या, आणि शनिवार-रविवारपैकी एक लांब राईड. लांब राईड अशी वाढवा :

- पहिला ते तिसरा आठवडा : ४०, ५०, ६० किमी
- चौथा : ४० किमी, विश्रांतीचा आठवडा
- पाचवा ते सातवा : ७०, ८५, १०० किमी
- आठवा : ६० किमी, पुन्हा विश्रांती
- नववा ते अकरावा : ११५, १३०, १५० किमी
- बारावा : एक-दोन हलक्या राईड, आणि शेवटी बीआरएम

विश्रांतीचे आठवडे गाळू नका. स्नायू कामाने थकतात आणि आरामात बळकट होतात. सलग वाढवत गेलात तर गुडघा किंवा कंबर आधी तक्रार करते. तयारीत पूर्ण दोनशे करून पाहायची गरज नाही. दीडशे नीट झाले की उरलेले पन्नास त्या दिवशी होतात.

लांब राईडचा वेग सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतकाच ठेवा. धाप लागून शब्द तुटायला लागले, की वेग कमी करा. गिअर हलका ठेवून मिनिटाला ८० ते ९० फेरे पायडल मारायची सवय लावा. जड गिअर रेटत बसलात तर गुडघे लवकर दुखतात. मधल्या दोन राईडपैकी एक चढाची ठेवा. चढावर बसूनच चालवा, एकसारखा श्वास ठेवा आणि माथ्यावर न थांबता पुढे चालवत राहा.

रस्ते घराजवळच सापडतात. पुणेकरांना दिवे घाटाने सासवड-जेजुरी करून बोपदेव घाटाने परतलं की साधारण शंभर किलोमीटर आणि दोन वेगळे घाट मिळतात. वाईहून पाचगणीला नेणारा पसरणी घाट लांब चढाची उत्तम शाळा आहे. नाशिककरांना त्र्यंबकेश्वर, कोल्हापूरकरांना पन्हाळा, संभाजीनगरकरांना दौलताबादमार्गे वेरूळ, नागपूरकरांना रामटेक. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मात्र सायकलला बंदी आहे, हे विसरू नका.

सायकल तुमच्या मापाची करा

महागडी सायकल लागत नाही. हायब्रीडवरही दोनशे होतात. पण सीटची उंची बरोबर हवी. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवल्यावर गुडघ्याला जेमतेम वाक राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. हात बधिर होत असतील, तर कोपरं थोडी सैल सोडा आणि पकड बदलत राहा. पॅडेड शॉर्ट्स घ्या, त्यांच्या आत अंतर्वस्त्र घालू नका आणि घासणाऱ्या जागी व्हॅसलीन लावा. नवी सीट, नवे बूट, नवे कपडे बीआरएमच्या दिवशी पहिल्यांदा वापरायचे नाहीत.

खाणंही सरावाचाच भाग

भूक लागल्यावर खाल्लं, तर उशीर झालेला असतो. पहिल्या तासापासून दर अर्ध्या तासाने थोडं खा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हा चांगला अंदाज आहे; एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, मीठ लावलेले उकडलेले बटाटे हे सगळं खिशात मावतं आणि पोटाला ओळखीचं असतं. दुपारी मिसळ किंवा भरपेट थाळी टाळा. पोहे, इडली, दहीभात बरा. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर घ्या, उन्हात त्याहून जास्त. घामातून मीठही जातं, म्हणून नुसत्या पाण्यावर राहू नका. एका बाटलीत ओआरएस किंवा मीठ-साखरेचं लिंबू सरबत ठेवा.

सोबत काय असावं

दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप, पंक्चर किट, एलन कीचा संच, थोडी रोकड, ओळखपत्र, पॉवर बँक. मागचं चाक काढून ट्यूब बदलायचा सराव घरी बसून करा. अंधारात, हायवेच्या कडेला तो तुमच्या कामी येईल. हेल्मेटशिवाय राईडला जाऊ नका. पुढचा पांढरा दिवा, मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेटही हवंच. सकाळी सहाला निघालात तर मुदत संध्याकाळी साडेसातला संपते आणि हिवाळ्यात त्याच्या तासभर आधीच अंधार पडतो. कानात इअरफोन घालू नका; मागून येणारा ट्रक आधी ऐकू येतो, मग दिसतो.

त्या दिवशी

पहिल्या तासात सगळे जोरात सुटतात. त्यांच्यामागे लागू नका. पहिले पन्नास किलोमीटर जितके सोपे वाटतील, तितके शेवटचे पन्नास सुसह्य होतात. थांब्यासाठी घड्याळ लावा : छोटा थांबा दहा मिनिटं, जेवण अर्धा तास. कंट्रोलवर थांबल्याबरोबर आधी वेळ नोंदवायचं कार्ड भरा, मग बाटल्या भरा आणि मग बसा. एकशे वीस ते दीडशेच्या दरम्यान बहुतेकांना सोडून द्यावंसं वाटतं. तेव्हा काहीतरी गोड खा, पाणी प्या आणि फक्त पुढच्या कंट्रोलचा विचार करा. चक्कर, थंडी वाजणं, छातीत दुखणं असं काही जाणवलं, तर मात्र तिथेच थांबा आणि आयोजकांना कळवा. राईड पुन्हा करता येते.

दोनशे झाल्यावर तीनशेचा रस्ता मोकळा होतो. एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० केलेल्यांना सुपर रँडोनर म्हणतात. दर चार वर्षांनी होणाऱ्या १२०० किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसची पात्रताही याच राईडमधून मिळते. ते सगळं नंतर. आज बारा आठवड्यांनंतरची एखादी दोनशेची राईड शोधा, तारीख वहीत लिहा आणि येत्या रविवारच्या चाळीस किलोमीटरसाठी सायकलची हवा तपासून ठेवा.