डोंगरावरून पायथ्याशी : चिशी गावाच्या पुनर्वसनाचा धडा

चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील फूज्येन हा डोंगरांचा आणि चहाचा प्रांत होय. त्याच्या ईशान्य भागातील फुदिंग परिसरात, थायमू पर्वतराजीच्या कुशीत चिशी नावाचे गाव वसले आहे. गावात बहुसंख्य हान समाजाबरोबरच ‘शे’ या अल्पसंख्य समाजाचीही वस्ती आहे. चीनने अधिकृत मान्यता दिलेल्या 55 अल्पसंख्य समाजांपैकी हा एक असून, त्याची देशातील लोकसंख्या सुमारे 7 लाख आहे. पिढ्यान् पिढ्या डोंगर कसणाऱ्या या समाजाची एक वाडी पायथ्याशी कशी आली, याचा इतिहास ग्रामविकासाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे.

एका पत्राने वेधलेले लक्ष

शियाशानशी ही चिशी गावातील 22 कुटुंबांची वाडी. ती उंच डोंगरउतारावर होती आणि तेथे जाण्यास पायवाटेखेरीज मार्ग नव्हता. जमीन खडकाळ, पीक अपुरे आणि बाजार दूर. माणशी वार्षिक उत्पन्न 200 युआनपेक्षाही कमी होते. वाडीच्या या हलाखीचे वर्णन करणारे एक पत्र 24 जून 1984 रोजी ‘पीपल्स डेली’ या दैनिकाच्या पहिल्या पानावर प्रसिद्ध झाले आणि देशाचे लक्ष तिकडे वेधले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मागास भागांच्या साहाय्याविषयी केंद्रीय सूचनाही निघाली. याच कारणाने चिशीला पुढे ‘चीनमधील दारिद्र्यनिवारणाचे पहिले गाव’ असे म्हटले जाऊ लागले.

दहा वर्षांची मदत

यानंतर वाडीकडे मदतीचा ओघ सुरू झाला. धान्य, पैसा, पाळण्यासाठी जनावरे, लावण्यासाठी रोपे असे बरेच काही वर पोहोचविण्यात आले. हेतू चांगला होता. परंतु खडकाळ उतारावर रोपे तग धरीनात आणि जनावरांचा जोडधंदाही उभा राहीना. जे थोडे पिकले ते पायवाटेने बाजारात नेणे परवडत नसे. मदत संपली की वाडी पूर्ववत होई. चीनमध्ये या कालखंडाला ‘रक्त देण्याचा’ टप्पा म्हणतात. बाहेरून रक्त दिले जात होते. शरीराला स्वतः रक्त निर्माण करता येत नव्हते.

22 घरांचे स्थलांतर

दशकभराच्या अनुभवानंतर दिशा बदलण्यात आली. 1995 मध्ये शियाशानशीची सर्व 22 कुटुंबे, म्हणजे 88 माणसे, चिशीच्या मुख्य वस्तीत आणण्यात आली. नव्या घरांच्या रांगेला ‘चांगआन’, म्हणजे ‘दीर्घ शांती’, असे नाव मिळाले. पुढील वर्षांत आसपासच्या इतर वाड्यांतील कुटुंबेही टप्प्याटप्प्याने येथे आली.

या स्थलांतरातील दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, वाडी विखुरली गेली नाही; शेजारी शेजारीच राहिले. दुसरी, नवी जागा त्याच गावाच्या हद्दीत होती. त्यामुळे माणसे अनोळखी मुलखात फेकली गेली नाहीत.

घरानंतर रोजगार

तथापि, घर मिळाले म्हणजे पुनर्वसन पूर्ण झाले असे नव्हे. या गावाला खरा आधार दिला तो चहाने. फुदिंगचा पांढरा चहा कोवळ्या कळ्या व पाने खुडून, ती सुकवून आणि वाळवून तयार होतो. हिरव्या चहाप्रमाणे पाने भाजावी लागत नाहीत, काळ्या चहाप्रमाणे मळावीही लागत नाहीत. प्रक्रिया साधी दिसली तरी हवामान ओळखून पाने सुकविण्याचे कसब लागते. चीनमधील पारंपरिक चहानिर्मितीच्या ज्या कलांना 2022 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्यांत फुदिंगच्या पांढऱ्या चहाचाही समावेश आहे.

गावातील काही जमीन चहा उद्योगाने भाडेपट्ट्याने घेतली. त्यामुळे शेतकऱ्यास जमिनीचे भाडे आणि मळ्यातील कामाची मजुरी असे दुहेरी उत्पन्न मिळू लागले. रस्ते सुधारल्यावर पर्यटकही येऊ लागले आणि नदीतील तराफ्यांच्या सफरी हा आणखी एक व्यवसाय झाला.

भाषा आणि सण

आज चिशीला भेट देणाऱ्यास चहाच्या हिरव्या ओळींबरोबर शे समाजाच्या खुणाही आढळतात. चांद्र पंचांगाच्या तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी हा समाज पानांच्या रसाने काळा रंगविलेला भात शिजवतो आणि गाणी गातो. परंतु पर्यटकांसमोर गाणे गायले जाणे आणि घरात मुलांनी बोली बोलणे या भिन्न गोष्टी आहेत. मिश्र वस्तीत राहणाऱ्या लहान समाजाची बोली टिकविणे हे शाळेपुढील आणि कुटुंबापुढील कठीण काम असते. उत्पन्नाच्या आकड्यांत त्याची नोंद होत नाही.

घ्यावयाचा बोध

चिशीचे वृत्तान्त प्रामुख्याने शासकीय माध्यमांतून आलेले आहेत. ते वाचताना विवेक हवा. तरीही त्यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. मदत देण्यापूर्वी ती त्या जमिनीत रुजेल काय, हे पाहिले पाहिजे. माणसे हलवावयाची असतील तर ती त्यांच्या संमतीने आणि शेजार न मोडता हलविली पाहिजेत. आणि घराची किल्ली देण्याच्या दिवशीच, या घरातील चूल कशावर पेटणार, या प्रश्नाचे उत्तर तयार असले पाहिजे. शियाशानशीच्या 22 कुटुंबांना त्यासाठी दहा वर्षे थांबावे लागले. इतरांना तितके थांबावे लागू नये, हाच या इतिहासाचा उपयोग होय.