डोपामीनची परतीची वाट

उत्तेजक द्रव्यांच्या आहारी गेलेल्या मुलाचे आईवडील, त्याने मनावर घेतले तर हे सुटणार नाही काय, असे वारंवार विचारतात. त्यांच्यासाठी आणि अशा सर्वच वाचकांसाठी मेंदूतील एका व्यवस्थेचा परिचय आज करून देत आहे.

मेंदूतील पेशी संदेश देण्यासाठी डोपामीन हे द्रव्य शेजारच्या पेशीलगतच्या सूक्ष्म अवकाशात सोडते, आणि काम होताच ते पुन्हा आत ओढून घेण्याची जबाबदारी पेशीच्या आवरणातील ‘वाहक’ नावाच्या प्रथिनांवर असते. नॉरॲड्रेनॅलिन या अशाच दुसऱ्या संदेशवाहक द्रव्याच्या बाबतीत ही परतीची वाट उजेडात आणणारे ज्युलियस ॲक्सेलरॉड १९७० च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

कोकेन या वाहकाला अडवून धरते. सबब डोपामीन बाहेरच साचते. ॲम्फेटामीन, मेथॅम्फेटामीन आणि ‘एमडी’ या नावाने आपल्याकडे विकले जाणारे मेफेड्रोन ही द्रव्ये वाहकाच्याच वाटेने पेशीत शिरून त्याची दिशा उलटवितात, आणि जे प्रथिन डोपामीन आत आणण्यासाठी नेमलेले, तेच ते बाहेर लोटू लागते. नॉरॲड्रेनॅलिनच्या वाहकावरही हाच अंमल चालत असल्याने नाडी व रक्तदाब वाढतात. म्हणून छातीत कळ, तीव्र ताप, झटके किंवा भ्रम दिसताच रुग्णाला तत्काळ रुग्णालयात दाखल करावे आणि कोणते द्रव्य घेतले, हे डॉक्टरांपासून लपवू नये.

अवधानदोषासाठी दिले जाणारे मेथिलफेनिडेटही वाहकालाच अडविते. परंतु तोंडाने, मोजक्या मात्रेत घेतल्यास त्याचा प्रभाव सावकाश चढतो, आणि व्यसनाची ओढ लावणारा आकस्मिक उसळा टळतो. तेव्हा ते भीतीपोटी परस्पर बंद करू नये, तसेच परीक्षेच्या जागरणासाठी दुसऱ्याचे औषध कदापि घेऊ नये.

द्रव्य सोडल्यावर येणारी ग्लानी, अतिनिद्रा आणि खिन्नता हा आळस नव्हे व चारित्र्याचा कसूरही नव्हे. मेथॅम्फेटामीनच्या व्यसनींच्या मेंदूत डोपामीनच्या वाहकांची संख्या घटलेली आढळली आहे, आणि दीर्घ संयमानंतर ती बऱ्याच अंशी पूर्ववत होते, हेही दिसून आले आहे. मात्र त्यास महिनोन्महिने लागतात. या काळात आत्महत्येचे विचार बळावू शकतात, म्हणून रुग्णाला एकटे सोडू नये, त्याची निर्भर्त्सना करू नये, आणि समुपदेशन व वर्तनोपचार यांची तजवीज मनोविकारतज्ज्ञांकरवी विनाविलंब करावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे घरच्यांनीही निःसंकोच विचारावे.