आधी बाहेर, मग आत

अगं, केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरवर लागलीस ते बरंच झालं. रावेरात राहून केळीपासून लांब कोण राहिलंय! पण सुपरवायझरने तो लांब मानेचा गॅस डिटेक्टर हातात देऊन "सिलिंडरच्या खोलीत फिरवून ये" एवढंच सांगितलं म्हणतेस, तर जरा बस इथे. माझी इतकी वर्षं गॅस एजन्सीत गेली, ते यंत्र चांगलं ओळखीचं आहे माझ्या.

तो बाहेर सुरू करायचा. बाहेर म्हणजे मोकळ्या अंगणात, ट्रक उभे नसतील त्या बाजूला. चेंबरच्या दारात नव्हे. बटण दाबलं की आतला सेन्सर तापायला थोडा वेळ घेतो, आणि तेव्हा भोवती जी हवा असेल तीच स्वच्छ धरून चालतो. गळतीत सुरू केलास तर गळतीलाच शून्य समजेल आणि मुकाट बसेल. शिवाय गॅस साठलाय अशा जागी दिव्याचं बटण दाबत नाहीत, मग याचं तरी कशाला दाबायचं?

बाजूला अंगठ्याने फिरवायचं छोटं चाक असतं. ते हळूहळू फिरव, टिक… टिक… असा संथ ठेका लागेपर्यंत. मार्कर पेनचं टोपण काढून क्षणभर टोकाजवळ धर. ठेका वाढला म्हणजे यंत्र जागं आहे. मग सिलिंडरच्या खोलीत जा. दारातच ठेका भरभर व्हायला लागला तर पाऊल पुढे टाकू नकोस. बाहेर ये, माणसांना बाहेर काढ, सुपरवायझरला बोलाव. तिथे शूरपणा नको.

नाही वाढला, तर रेग्युलेटरचा नट, नळीची क्लिप, व्हॉल्व्हची मान असं एकेक घे. सेकंदाला दोन बोटं सरकायचं, त्याहून घाई नाही. सिलिंडरमधलं इथिलीन, म्हणजे केळी पिकवायचा गॅस, जवळजवळ हवेइतकंच जड, म्हणून सांध्याभोवती सगळीकडून फिरव. (घरातला एलपीजी जड, तो खाली शोधायचा, शीतगृहातला अमोनिया हलका, तो वर.) एखाद्या सांध्यापाशी यंत्र केकाटायला लागलं की नव्या मुली चाक आणखी वाढवतात. उलट कर! चाक कमी कर, ठेका पुन्हा संथ आण, आणि पुढे सरक. परत वाढला, परत कमी कर. असं करत गेलीस की नेमका सांधा हाती लागतो. मग त्यावर साबणाचं पाणी, बुडबुडे आले की खात्री. पण आधी यंत्र, मग पाणी. टोकाला फेस लागला की सेन्सर गेलाच म्हणून समज.

आणि हो, कामावर जाताना तुझा तो बॉडी स्प्रे नको. सॅनिटायझरचा हात असला तरी हे टिकटिकतं. चेंबरच्या आत तर वाजणारच, तिथे इथिलीन मुद्दाम सोडलेलं असतं. कार्बाइडला बंदी आहे, त्याजागी हे चालतं, हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत. पेट घ्यायला साधारण 27,000 भाग लागतात, त्यामुळे आतल्या टिकटिकीने घाबरायचं कारण नाही.

भीती वेगळ्याच गोष्टीची धर. पिकताना केळी श्वास घेतात, बंद खोलीत ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. वास नाही, रंग नाही, आणि तुझं हे टिकटिकणारं यंत्र त्यावर एक शब्द बोलत नाही. त्याला ऑक्सिजनचा आकडा दाखवणारं मीटर वेगळं असतं. मोकळ्या हवेत त्यावर 20.9 दिसायला हवं, 19.5 च्या खाली गेलं तर बाहेर. मागून घे ते. नसलं तर दारं उघडून, पंखा लावून, बराच वेळ थांबून मगच जा, आणि एकटी कधीच जाऊ नकोस. कुणी हसलं तर हसू दे.

चार्जिंगला मात्र ऑफिसात लाव, सिलिंडरच्या खोलीत नाही. आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून जाऊ नकोस, रावेरचं ऊन त्याला सोसत नाही.