गीझर स्वतः बदलावा का?

थंडी पडू लागली की दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. एक खोकल्याचे आणि दुसरे कढत पाण्याने भाजलेले. एका वाचकाने विचारले आहे, "पंधरा लिटरचा जुना गीझर गळू लागला आहे. नवा आणून ठेवला आहे. प्लंबर आज येतो, उद्या येतो म्हणतो. मीच बसवला तर चालेल का?" प्रश्न नळकामाचा आहे खरा, पण त्यात चूक झाली की माणूस डॉक्टरकडे येतो, म्हणून या सदरात उत्तर देत आहे.

गीझर गॅसचा असेल तर उत्तर सरळ 'नाही' असे आहे. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरात आधी डोके जड होते, मळमळते आणि मग कडी काढण्याचेही बळ उरत नाही. असा गीझर जाणत्या माणसाकडून न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवून घ्यावा.

विजेच्या गीझरचे उत्तर थोडे निराळे आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत दिवा, पंखा, फ्यूज किंवा घरगुती उपकरण बदलण्याची मुभा होती. मात्र त्यामुळे मूळ जोडणीची क्षमता व स्वरूप बदलता कामा नये, अशी अट होती. बाकीचे काम परवानाधारक ठेकेदाराचे. २०१० मध्ये नवे नियम आले, तरी हे सूत्र कायम राहिले. ते व्यवहाराला धरूनच आहे. २००० वॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर वीज ओढतो, ३००० वॅटचा 'इन्स्टंट' १३ अँपिअर. जुन्याच्या जागी मोठा लावला आणि आतली तार तीच राहिली, तर ती तापते. तसेच ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर गीझर कधीही चालवू नये.

खरी मेख अर्थिंगची आहे. पूर्वी कित्येक घरांत अर्थिंगची तार लोखंडी नळाला बांधलेली असे. पुढे नळ प्लास्टिकचे झाले आणि ते अर्थिंग नकळत तुटले. तार मात्र दिसते. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे अर्थिंग आहे असे नाही, त्यातून फक्त वीज आल्याचे कळते. म्हणून नळाचे काम हाताला जमत असेल तर करावे. पण अर्थिंग वायरमनकडून मापून घेतल्याशिवाय आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच बसवल्याशिवाय त्या पाण्याखाली उभे राहू नये.

जुना गीझर काढताना मेन स्विच बंद करावा आणि पाणी निवू द्यावे. गरम नळ सोडला म्हणजे टाकी रिकामी झाली, असा समज असतो. तसे होत नाही. पाणी वरच्या बाजूने बाहेर पडते, टाकी भरलेलीच राहते. पंधरा लिटर पाण्याचेच वजन पंधरा किलो, वर टाकीचे वेगळे. स्टुलावर एकट्याने उभे राहून ते पेलण्याचा प्रयत्न करू नये.

आता सेफ्टी व्हॉल्व्हविषयी. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान पाव लिटरहून थोडे अधिक वाढते. ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पडते. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षकांना ती गळती वाटली आणि त्यांनी तिथे लाकडी बूच ठोकले. तिसऱ्या दिवशी नळी सुटली आणि कढत पाणी खांद्यापासून कोपरापर्यंत उडाले. महिनाभर पट्ट्या बदलाव्या लागल्या. तापताना पडणारे थेंब हे व्हॉल्व्ह शाबूत असल्याचे लक्षण आहे. त्याला छोटी नळी जोडून पाणी मोरीत सोडावे. गीझर बंद असतानाही पाणी वाहतच राहिले, तर मात्र व्हॉल्व्ह बदलावा.

नवा गीझर बसल्यावर गरम नळ सोडून ठेवावा. हवा निघून अखंड धार लागली की मगच बटण दाबावे. कोरड्या टाकीत कॉइल जळते.

तापमान ६० अंशांच्या आसपास ठेवावे. त्याहून फार कमी ठेवले तर साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात. पण ६० अंशांचे पाणी सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते, लहान मुलांना त्याहूनही लवकर. त्यासाठी बादलीत आधी गार पाणी, मग गरम. मधुमेहामुळे ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांनी पायाने पाणी पाहू नये, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी हात घालायला सांगावे.

भाजलेच तर वीस मिनिटे साध्या नळाच्या वाहत्या पाण्याखाली तो भाग धरावा. अंगठी, बांगड्या लगेच काढाव्यात. हळद, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. आम्हाला ते धुऊन काढावे लागते आणि त्रास रुग्णालाच होतो. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नये. तो शुद्धीवर असला आणि वरून काही दिसत नसले, तरी त्याच दिवशी हृदयाचा आलेख काढून घ्यावा.