जीव वाचला, त्याच्या पुढचं

अगं, परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, जो येतो तो म्हणतो, जीव वाचला ना, मग देवाचे आभार मान. मला मात्र आभार मानावेसे वाटतच नाहीत. माझं काही चुकतंय का?" तेव्हा ओटीवर माणसं बसली होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून आज सावकाश लिहायला बसले. तुझं काहीही चुकत नाहीये, बाय.

३ जून २०२०च्या त्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं. ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा आणि तो घोंघावणारा आवाज. संध्याकाळी दार उघडलं तर वाडीतून थेट पलीकडच्या आळीतली घरं दिसत होती. मधे काही उरलंच नव्हतं. बाणावली माड लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि मग तो दोन-तीन पिढ्या देत राहतो. पोफळीचीही तशीच वाट बघावी लागते. तुमच्या आगरात आडव्या झालेल्या प्रत्येक माडाला तुझ्या आजेसासऱ्यांनी रहाटाचं पाणी शिंपलेलं होतं. त्याचं सुतक मनाला लागणारच. ते पाळ. रडू येईल तेव्हा रड. घरातल्यांसमोर हसरं तोंड ठेवायची सक्ती स्वतःवर करू नकोस.

आणि आणखी एक. "त्यांचं तर घरच गेलं, आपलं निदान छप्पर गेलं" अशी मनाची समजूत कुणी घालू लागलं, तर तिकडे लक्ष देऊ नकोस. दुसऱ्याच्या मोठ्या दुःखावर उभं राहून मिळालेलं समाधान टिकत नाही, शिवाय त्यात त्या दुसऱ्याचा अपमान आहे.

जीव वाचला हे खरंच. पण तो कसा वाचला हे आठवून बघ. हवामान खात्याने आधीपासून इशारे दिले होते. समुद्राकाठच्या घरांतली माणसं आदल्या दिवशीच शाळांमध्ये हलवली होती. म्हाताऱ्यांना उचलून नेणारे हात कुणाचे होते, ते तुला-मला ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की आभार मानायचे तर ते असे पत्त्यावर जाऊ देत. हवेत सोडलेले आभार मनाला लागत नाहीत, म्हणून तुला ते खोटे वाटतात.

आमच्याकडचं सांगते. वीज गेली ती आठवडेच्या आठवडे. विहिरीला पाणी तुडुंब, पण सगळ्यांचे पंप विजेवरचे. आमच्या आळीत एकाच जुन्या घरी रहाट उरला होता आणि त्या घरच्या काकूंनी पहिल्याच सकाळी अंगणाचं फाटक काढून ठेवलं. कुणी विचारायला जाण्याआधीच. सगळ्या जणी तिथून पाणी नेत होतो, तेही तोंडाला फडकी बांधून, कारण करोनाची भीती वेगळीच. एरवी वर्षानुवर्षं ज्यांच्याशी बांधावरून बोलणं नव्हतं त्या बायका माझी कळशी भरून देत होत्या. मे महिन्यात मुंबईहून आलेल्या ज्या चाकरमान्यांना गावाने शाळेत विलगीकरणात ठेवलं होतं, तीच पोरं आता घराघरांच्या छपरांवर चढून कौलं शाकारत होती. पाऊस तोंडावर होता. ती नसती तर कितीतरी घरांत पाणी आलं असतं.

आणि वायरमन! दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेली माणसं. इथली वाट माहीत नाही, चिखलात गाडी जात नाही, म्हणून पडलेल्या झाडांमधून खांब खांद्यावर वाहून नेत होती. जाऊबाई आणि मी त्यांना तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं करून देत असू. एकाने जाताना सांगितलं, "वहिनी, घरून निघालो तेव्हा बायको गरोदर होती, आता मुलगी झालीये." आमच्या घरात दिवा लागला, तेव्हा त्या मुलीचा बाप तिच्यापासून लांब होता. हे मला विसरायचं नाही.

त्या अंधाऱ्या रात्रींत टीव्ही नाही, फोनला रेंज नाही. जेवणं झाली की ओटीवर पडून आम्ही एकमेकांना सांगायचो, आज आपल्यासाठी कुणी काय केलं. आमच्या यांना असलं बोलणं जमत नाही, पण तेही हळूहळू बोलू लागले. वीज आल्यावरही आम्ही ते सोडलेलं नाही. तू घरात हे सुरू करून बघ. नाव घेऊन सांगायचं, आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाला तोंडावर सांगून यायचं. सासूबाईंनाही बोलतं कर. त्या वाडीकडे बघत गप्प बसतात म्हणालीस, त्याची मला जास्त काळजी वाटते. आणि वारा सुटला की तुझ्या छातीत धडधडतं, झोप लागत नाही, हे आणखी काही दिवस चाललं तर अंगावर काढू नकोस. सरळ डॉक्टरांना सांग.

आभार मानणाऱ्याने भांडू नये, असं कुणी शिकवलं तर मात्र ऐकू नकोस. या वादळानंतर फळबागेला हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर झाले. पण आपल्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या. गुंठ्याला जेमतेम ५०० रुपये पडतात. एका माडाचं वर्षाचं उत्पन्नही त्यात बसत नाही. झाडागणिक भरपाई द्या, ही मागणी न्याय्यच आहे आणि ती आपण लावून धरली पाहिजे. पंचनाम्याची प्रत मागून घे, पडलेल्या झाडांचे फोटो जपून ठेव. सातबारावर चुलत्यांची नावं सामाईक असतील तर संमतीचे कागद आत्ताच करून घ्या.

नारळी पौर्णिमा यंदा ३ ऑगस्टला आली, वादळाला बरोबर दोन महिने झाले त्या दिवशी. नारळ वाहायचा की नाही, यावर घरात बोलणं झालं. मी गेले आणि वाहिला. समुद्रावरचा माझा राग अजून आहे. पण गावातल्या होड्या त्याच पाण्यात जायच्या आहेत, त्या सुखरूप परत याव्यात म्हणून हात जोडले. राग आणि आभार एका मनात राहू शकतात, मी स्वतः अनुभवते आहे.

आता जे उभं आहे त्याच्याकडे बघ. सावली गेल्यामुळे उरलेल्या पोफळींची खोडं पश्चिमेच्या उन्हाने भाजतील, पाऊस सरला की त्यांना झावळ्या बांध. जायफळ तगलं असेल तर त्याच्यावरही आडोसा कर. त्या झाडांचे आभार असेच मानायचे. आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ तुझ्या दारात आहे, तेव्हा याच आठवड्यात जाऊन रोपांसाठी नाव घालून ये. यंदा सगळ्या किनाऱ्यालाच रोपं लागणार आहेत.